शेवाळावर निजलेलं मूल

ऑस्विन रडत नाही, याचं कौतुक अख्ख्या घराला होतं. येणारा-जाणारा पाळण्यात डोकावून म्हणायचा, "काय गुणी बाळ आहे हो!" आणि हेस्टर, त्याची आई, पाळण्याचा पडदा ओढून घ्यायची.

आठ महिन्यांचं पोर. या वयात पोरानं घर डोक्यावर घ्यावं, चमचे फेकावेत, मांजराची शेपटी ओढावी. महिन्यापूर्वीपर्यंत तो हे सगळं करतही होता. आता बापाच्या स्टुडिओतून संध्याकाळी बाहेर यायचा तो ओल्या फडक्यासारखा, मान आईच्या खांद्यावर टाकून. अंगावर घेतलं तर दोन घोट प्यायचा आणि तिसरा तोंडाच्या कोपऱ्यातून तसाच ओघळू द्यायचा. मांड्यांवरच्या वळ्या जाऊन तिथे कातडी सैल लोंबायला लागली होती. हेस्टर दर थोड्या वेळानं त्याच्या नाकापुढे बोट धरून बघायची. श्वास लागला बोटाला, की तिचाही सुटायचा.

"तुला सुखसुद्धा बोचतं गं," ड्रुसिला म्हणायची. ड्रुसिला ही तिची नणंद, ॲम्ब्रोजची थोरली बहीण. लग्न केलेलं नव्हतं, घराच्या किल्ल्या कमरेला, आणि शब्द शेवटचा तिचा. "पोर रडलं तरी तुझी तक्रार, नाही रडलं तरी तक्रार. पुस्तकं वाचलेल्या मुलींचं हे असंच. आमच्या आईनं सात वाढवली, एकदाही कुणाच्या नाकाशी बोट धरलं नाही."

"सातातले तुम्ही दोघंच उरलात ना, ड्रुसिला?" हेस्टर म्हणाली होती. 

पुस्तकं वाचली होती हे खरं. नदीपलीकडे तिचे वडील शाळामास्तर. त्यांनी तिला मुलींच्या चित्रशाळेत घातलं, सांगाडे आणि स्नायू काढायला शिकवणारी ती एकच शाळा होती लंडनमध्ये. तिथेच प्रदर्शनाच्या वेळी ॲम्ब्रोज लँगरिज तिला भेटला. पऱ्यांचा चित्रकार म्हणून तेव्हाच त्याचं नाव व्हायला लागलं होतं. म्हणाला होता, तुझी नजर फार तीक्ष्ण आहे. लग्न झालं आणि त्या तीक्ष्ण नजरेच्या वाट्याला ब्रश धुणं आलं.

ॲम्ब्रोजची कामाची रीत सगळ्यांना ठाऊक होती. इतर लोक पऱ्या मनानं काढतात, म्हणायचा, म्हणून त्या मिठाईच्या डब्यावरच्या वाटतात. मी मनाचं काही काढत नाही. परीचे पंख काढायचे तर तो चतुर किडा पकडून टाचणीनं फळीवर ठोकायचा. परीनं पांघरलेलं पान काढायचं तर कुंडीतून रानझुडूप आणून, खिडकीशी ठेवून, पानावरची कीड खाल्लेली भोकंसुद्धा मोजून काढायचा. सकाळी तळहाताएवढ्या तुकड्यावर ओला पांढरा रंग लावायचा, आणि तो वाळायच्या आत, त्याच दिवशी, त्याच बैठकीत तेवढा तुकडा बारीक ब्रशानं पुरा करायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा तुकडा. त्यामुळे रंग आतून उजेड लावल्यासारखे दिसायचे. आणि त्यामुळेच समोरचं जे काही असेल ते दिवसभर जागचं हलून चालायचं नाही. चतुर हलत नव्हता. पान हलत नव्हतं.

या वर्षीच्या चित्राचं नाव होतं 'पळवलेलं मूल'. पऱ्या माणसाचं मूल पळवतात आणि पाळण्यात स्वतःचं ठेवतात, ती जुनी कथा. अंधाऱ्या खळग्यात, शेवाळावर, एका काजव्याच्या उजेडात पळवलेलं मूल पडलंय. डोळे अर्धे उघडे. भोवती पऱ्यांची गर्दी. ब्रॅडफर्डचे गिरणीमालक मिस्टर क्रॅबट्री यांनी चित्र न बघताच विकत घ्यायचं कबूल केलं होतं. मुलासाठी शोधाशोध करायला नको, घरचंच होतं. एपिंगच्या जंगलातून पोतंभर शेवाळ आलं, खिडक्यांना जाड पडदे लागले, एक दिवा पेटला, आणि ऑस्विन रोज सकाळी बापाच्या हवाली होऊ लागला. "आईनं आत यायचं नाही," ॲम्ब्रोज म्हणाला होता, "आई दिसली की मूल हात पसरतं."

शुक्रवारी त्यानं हेस्टरला स्वतः बोलावलं. डोळे पुरे झाले होते, आणि डोळ्यांवर तो खूश होता.

ती चित्रापुढे उभी राहिली. रागाआधी एक क्षण कौतुकच वाटलं तिला, ते नाकारण्यात अर्थ नाही. कपाळावरची निळी शीर, ओठावरचा दूध ओढून आलेला फोड, सगळं तिच्या पोराचं. मग ती डोळ्यांपाशी आली आणि अडखळली.

"इथे चूक झालीये," ती म्हणाली.

"चूक?"

"अंधारात आहे ना तो? एका काजव्याच्या उजेडात. अंधारात डोळ्यातली काळी बाहुली मोठी होते. तुम्ही टाचणीच्या डोक्याएवढी काढलीत. भर उन्हात असल्यासारखी."

ॲम्ब्रोज हसला नाही. त्याला लागलं.

"मी काही 'काढत' नाही, हेस्टर. असतं ते उतरवतो. अख्खा दिवस भिंग लावून बसलो होतो त्या डोळ्यांपुढे. पडदे ओढलेले, दिवा हा असा, आत्ता आहे तस्साच. टाचणीएवढी होती म्हणजे होती. मलाही नवल वाटलं. पण निसर्गाशी वाद कुणी घालायचा?"

 हेस्टरनं शेवाळावरून ऑस्विनला उचललं. कोळसा ठेवायची जिन्याखालची काळीकुट्ट खोली होती, तिथे गेली, दार लावून घेतलं, मनात सावकाश आकडे मोजले आणि दार बोटभर उघडून त्याच्या डोळ्यांत बघितलं. निळ्या बुबुळाच्या मधोमध एक ठिपका. टाचणीनं टोचल्यासारखा. नवरा खरं बोलत होता. त्यानं एका केसाचाही फरक केला नव्हता.

तिनं पोराच्या तोंडाचा वास घेतला. काकवी आणि बडीशेप. हा वास तिला आधीही यायचा. तिला वाटायचं, ड्रुसिला बिस्किट चोखायला देत असेल. डोळ्यांत तेल घालून पोर सांभाळते म्हणवणारी आपण, आणि वासाला बिस्किट समजून बसलो! तळपायाची आग मस्तकात गेली ती आधी स्वतःवर. मग ती वळली आणि स्टुडिओत परत आली.

"काय पाजता त्याला?"

ॲम्ब्रोज ब्रश पुसत होता. "कुणी?"

"तुम्ही. का तुमची बहीण. कुणीही. काय पाजता?"

"अगं ते... ते आपलं झोपेचं. ड्रुसिला आणते औषधवाल्याकडून. अर्धा चमचा."

"अफू. अंधारातही बाहुली टाचणीएवढी राहते ती अफूनं."

"औषध आहे ते, हेस्टर. बाटलीवर देवदूताचं चित्र आहे. दर घरात असतं. तुलाही तुझ्या आईनं पाजलं असेल."

"माझ्या आईनं मला पाजलं असतं तर वडिलांनी तिला घराबाहेर काढलं असतं."

"म्हणजे तुझे वडील तेवढे शहाणे!"

"रोज?"

त्यानं ब्रश पुन्हा पुसायला घेतला.

"रोज देता? महिनाभर? तो पीत नाही, ॲम्ब्रोज. त्याच्या मांड्या बघितल्यास? तुझं भिंग कुठे गेलं तेव्हा? शेवाळाचा तंतू न् तंतू दिसतो तुला, पोर वाळत चाललं ते नाही दिसलं?"

लग्नाला दोन वर्षं झाली, आजवर ती त्याला 'मिस्टर लँगरिज' म्हणत आली होती. आज नाव घेतलं आणि अरे-तुरेवर आली, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. ॲम्ब्रोजनं ब्रश खाली ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "बंद. माझा शब्द. चित्रातल्या मुलाचा डावा हात तेवढा राहिलाय, एक तुकडा, तो रविवारनंतर बघू. तू म्हणशील तसं. झालं समाधान?"

समाधान झालं नाही, पण शब्द घेतला तिनं.

शनिवारचा दिवस कसा गेला ते तिचं तिलाच माहीत. ऑस्विन सकाळी थरथरायला लागला, मग घामानं भिजला, मग ओरडायला लागला. पाठीची कमान करून, मुठी आवळून ओरडत होता. दूध दिलं की ओकत होता. हेस्टर त्याला छातीशी धरून जिना चढत होती, उतरत होती. दाराशी ड्रुसिला आली, हाताची घडी घालून उभी राहिली.

"बघ. औषध थांबवलं की काय होतं ते बघ. याला म्हणतात गरज. आता तरी पटलं?"

"मला पटलं ते तुम्हाला कळायचं नाही," हेस्टर म्हणाली. "दारातून बाजूला व्हा."

रविवार हा दाखवण्याचा रविवार. उन्हाळी प्रदर्शनाला चित्रं रवाना व्हायच्या आधीच्या रविवारी लंडनचे सगळे चित्रकार स्टुडिओची दारं उघडी टाकतात, आणि हातमोजे घातलेली माणसं या घरातून त्या घरात चित्रं बघत, चहा पीत हिंडतात. चहाच्या किटलीमागे घरच्या बाईनं उभं राहायचं असतं. ऑस्विन पहाटेपासून जरा शांत झाला होता, दुपारी त्याला खरीखुरी झोप लागली. हेस्टरनं त्याला वरच्या खोलीत निजवलं, मोलकरणीला दाराशी बसवलं आणि तिला बजावलं की कुणी आलं तरी पोर द्यायचं नाही.

मोलकरीण बिचारी. तिचा पगार ड्रुसिलाच्या हातात.

चहा ओतता ओतता हेस्टरला स्टुडिओतून बायकांचे आवाज ऐकू आले. "अगंबाई! हुबेहूब!" "बघ तरी, बघ, तोच आहे!"  किटली तशीच ठेवून ती आत गेली.

चित्राच्या शेजारी शेवाळाचा ढीग रचला होता. त्यावर ऑस्विन, अंगावर मलमलीचा एक तुकडा, दुसरं काही नाही. पाहुणे एकदा चित्राकडे बघत होते, एकदा पोराकडे, जोड्या जुळवा खेळत असल्यासारखे. ऑस्विनचे डोळे अर्धे उघडे होते. एक बाई त्याच्या नाकाशी आपला पंखा हलवत होती आणि तो पापणीही हलवत नव्हता. ॲम्ब्रोजनं हेस्टरला बघितलं आणि हात वर केला, म्हणजे थांब, आत्ता नाही.

ती गर्दीतून पुढे आली आणि गुडघ्यावर बसली. बोट नाकापुढे धरलं. श्वास लागला, पण फार उशिरानं लागला. पुन्हा धरलं. पुन्हा वाट बघावी लागली.

"आपल्या मिसेस लँगरिज," ॲम्ब्रोज घाईनं म्हणाला. "आईचं काळीज..."

"या डोळ्यांचं कौतुक चाललंय ना?" हेस्टर उठून उभी राहिली. आवाज चढलेला होता. "कसे झाले ते सांगते. या चित्रात जादू नाही. या पोराला महिनाभर अफू पाजलीये. हलू नये म्हणून. शुक्रवारी नवऱ्यानं मला शब्द दिला, बंद करतो म्हणून. आणि आज पुन्हा पाजली, तुम्हाला दाखवायला. बघा. नीट बघा. अजून जवळून बघा."

तिला वाटलं होतं, आता कुणीतरी तोंडावर हात घेईल. कुणीतरी निदान टोपी उचलून बाहेर जाईल.

पंखावाली बाई म्हणाली, "कुठली हो? देवदूतवाली का? आमची आया ती दुसरी देते, निळ्या बाटलीतली. ती म्हणते देवदूतवालीनं पोट बिघडतं."

"माझ्या धाकटीला कुठलीच लागू पडत नाही," दुसरी म्हणाली. "दुप्पट द्यावी लागते."

मिस्टर क्रॅबट्रींनी घसा खाकरला. जाडजूड, लालबुंद, मनाचे वाईट नसावेत. "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. आमच्या गिरणीतल्या सगळ्या बाया देतात. पोर निजवून कामावर येतात. नाहीतर माग कोण चालवणार? आणि बघा," ते चित्राकडे वळले, "म्हणूनच तर इतकं खरं उतरलंय! मी म्हणत होतो ना, या डोळ्यांत काहीतरी आहे!"

ॲम्ब्रोजचा चेहरा उजळला. तिनं तो उजळताना बघितला. तेवढ्यानं तिचं ठरलं.

तिनं ऑस्विनला उचललं. अंगाला शेवाळ चिकटलं होतं, ओलं आणि थंडगार. खुंटीवरची स्वतःची शाल ओढून त्याला गुंडाळलं.

"कुठे निघालीस?" ॲम्ब्रोज तिच्यामागे दिवाणखान्याच्या दारापर्यंत आला. आवाज खाली, ओठांवर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच. "हेस्टर. मंगळवारी चित्र जायचंय. हात राहिलाय."

"राहू दे."

"रिकामा पांढरा डाग दिसतोय तिथे! वर्षाचं काम आहे माझं!"

"परी पाहिलीयेस कधी, ॲम्ब्रोज?"

"काय?"

"एकतरी? नाही ना? या जगात कुणी पाहिली नाही. तरी शंभर रंगवल्यास. मग एवढासा एक हात पोराशिवाय नाही काढता येत तुला? काढ की मनानं! तुझ्या मनात काय काय आहे ते एकदा लोकांना दिसू दे."

त्याच्या ओठांवरचं हसू गेलं. "मूल बापाचं असतं," तो म्हणाला. "कायद्यानं. शिपाई आणीन मी."

"आण. सात वर्षांखालच्या पोरासाठी आईला कोर्टात जाता येतं, तो कायदाही वाचलाय मी. पुस्तकं वाचलेली आहे ना. कोर्टात तुझं चित्रच घेऊन ये साक्षीला. डॉक्टर त्या डोळ्यांकडे बघून सांगेल, पोराला काय पाजलंत ते. तू कधी खोटं काढत नाहीस, सगळं लंडन शपथेवर सांगेल."

ड्रुसिला जिन्यावर उभी होती. "पोरी, डोकं फिरलंय तुझं. असल्या गारठ्यात? टोपीसुद्धा नाही डोक्यावर. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, काय गुणी बाळ आहे," हेस्टर म्हणाली आणि दार मागे आपटलं.

रस्त्यात आल्यावर राग संपला असं नाही, पण त्याच्यावर भीती येऊन बसली. ऑस्विन शालीत लोळागोळा पडला होता. जीभ ओठांच्या मध्ये, रंग उतरलेला. घोड्यांच्या बसमध्ये बसली असती तर उबेनं तो आणखी गाढ गेला असता. म्हणून ती चालत राहिली. एप्रिलचा बोचरा वारा होता, तो त्याच्या तोंडावर लागू दिला. तळपायांवर बोटानं टिचक्या मारल्या. कान ओढला. नळावर रुमाल भिजवून मानेला लावला. लोक वळून बघत होते, सभ्य कपड्यांतली, बोडक्या डोक्याची बाई एवढ्याशा पोराला चिमटे काढतेय. एक जण तर "राक्षसीण!" म्हणाला. ती पोराचा श्वास ऐकत होती.

"ऊठ," ती म्हणत होती. "विन, ऊठ रे. बापानं निजवलं, आत्यानं निजवलं, ब्रॅडफर्डच्या शेटजीनं कौतुक केलं. तू ऐकू नकोस कुणाचं. ऊठ. ऊठ आणि ओरड."

स्ट्रँडच्या हमरस्त्यापाशी आल्यावर त्याच्या भुवया आवळल्या. तिनं त्याच्या दंडाला पुन्हा चिमटा काढला, या वेळी जोरात, आणि काढताना तिचे डोळे भरून आले. ओठ थरथरला. एक बारीकसा, गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला. मग थांबला.  आणि मग त्यानं तोंड उघडलं.

असा टाहो तिनं त्याच्या जन्माच्या वेळीही ऐकला नव्हता. चेहरा लालभडक, मुठी हवेत, शाल लाथाडून दिलेली. एका घरासमोरचा घोडा बिचकला. दुपारची प्रार्थना सुटली होती, चर्चच्या पायऱ्यांवरून माणसं उतरत होती, सगळी थबकली. हेस्टर त्यांच्या मधोमध उभी, आणि पोर तिच्या केसांत हात घालून, तिच्या हनुवटीवर डोकं आपटत ओरडत होतं.

चांदीच्या मुठीची काठी घेतलेले एक गृहस्थ तिच्यापाशी आले. मागून त्यांची बायको पर्स उघडत होती, आणि पर्समध्ये हात घालून ती काय शोधतेय हे हेस्टरला बाटलीचं बूच दिसायच्या आधीच कळलं.

"बाई, रविवार आहे आज," गृहस्थ म्हणाले. "काहीतरी द्या हो त्याला. गप्प करा."

"द्या, द्या," बायको म्हणाली. "चार थेंब. लगेच निजेल बिचारा."

"तुमचा हात मागे घ्या," हेस्टर म्हणाली.

"अहो, पण झालंय तरी काय त्याला?"

"राग आलाय."

"एवढ्याशा पोराला?"

"एवढ्याशा पोराला," ती म्हणाली. "येऊ दे."

तिनं त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, आणि तो तसाच ओरडत असताना ती गर्दीतून वाट काढत, नदीपलीकडे वडिलांकडे जायला, पुलाकडे निघाली.